रुतलेल्या गाडीपाशी थांबणाऱ्यांचे आभार

पहिल्यांदाच डांबरी सोडून रानवाटेला गाडी घालणाऱ्यांच्या मदतीला जे अनोळखी लोक धावतात, त्यांचे जाहीर आभार.

आधी त्यांचे, जे रुतलेल्या गाडीपाशी येऊन पहिल्यांदा 'ॲक्सिलरेटर सोडा' असं सांगतात. चाक जागेवर फिरलं की माती उकरत खाली जातं आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, टेकते. मग चाकांवर वजनच उरत नाही, पकड कुठून येणार? फावड्याने चाकापुढची माती उतार ठेवून काढणारे, टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून २० च्या आसपास आणणारे हेच. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांब पसरतो. (फारच उतरवली तर मात्र तो रिमवरून निसटतो.)

ओढायचा दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) नको, चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावा, असा हट्ट धरणाऱ्यांचे विशेष आभार. ताणाखाली बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. दोरावर ओलं जाड पोतं टाकून बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब हटवणारेही तेच. बघे हटत नाहीत, हेच सगळ्यात अवघड काम!

उतारावर लो रेंज (फोर-बाय-फोर गाडीतली कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअर-जोडणी), पहिला गिअर आणि क्लचवरून पाय बाजूला, हे ओरडून सांगणारे. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू न देणारे. ओढ्यात गाडी घालण्याआधी काठीने खोली मोजणारे, तुमचेही आभार.

आणि डांबरीला लागण्याआधी आपला पंप काढून चारही टायर भरून देणारे, नाव न सांगता निघून जाणारे, त्यांचे तर फारच.