हवा मारली नाहीत, म्हणून आभार

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. सावद्याहून केळी घेऊन इंदूर-दिल्लीकडे जाणारी आमची एक गाडी आहे. ती चालवतात आमचे हे, आणि तिचा हिशेब ठेवते मी. पळासनेर आणि शिरपूरच्या मध्ये हायवेला लागून गाड्या धुण्याचा तुमचा हौद आणि मिस्त्रीकामाची शेड आहे, तिथे दसऱ्याच्या आधी आमची गाडी थांबली होती. पूजेला चाकं चकाचक दिसली पाहिजेत, एवढंच ह्यांचं सांगणं होतं. तुम्ही त्याहून बरंच काही केलंत आणि पैसे फक्त धुण्याचे घेतलेत. ह्यांनी फोनवर तुमचे आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. शिवाय रावेर-यावलकडच्या बाकीच्या गाडीवाल्यांच्याही कानावर हे जावं, म्हणून पत्र उघडंच लिहिते आहे.

ह्यांनी सांगितलं की तुम्ही पाइप हातात घेतलाच नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारलीत. "धुऊन टाकलं तर मला काय दिसणार?" असं म्हणालात म्हणे. हे वाक्य मला फार आवडलं. ड्रायव्हरला चाकावरची काळी भुकटी म्हणजे घाण वाटते, मालकाला तर ती दिसतही नाही, आणि तुम्ही ती वाचत होतात. सगळ्या चाकांवर सारखी भुकटी असेल तर ती घाटाची कमाई. बिजासन घाट उतरताना ब्रेकचं लायनर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारी पट्टी, झिजणारच, त्याचा भुगा आणि ड्रमचं घासलेलं लोखंड चाकावर बसणारच. पण आमच्या मागच्या डाव्या चाकावर थर जास्त होता आणि ड्रमजवळ हात नेला तर झळ लागत होती, बाकीची चाकं नुसती कोमट. ब्रेक सोडल्यावर शू, म्हणजे लायनर बसवलेला भाग, मागे ओढणारी स्प्रिंग तुटलेली निघाली. म्हणजे आमचं ते चाक घाटात आणि सपाटीवरही ब्रेक घासतच चाललं होतं. डिझेल जास्त का जातंय, हा माझ्या वहीतला प्रश्नही तिथेच सुटला.

चाकाच्या बाकीच्या खुणाही तुम्ही ह्यांना दाखवल्यात, त्या मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या आहेत. नटाच्या भोवतीने तांबूस गंजाचे ओघळ बाहेर आले असतील तर तो नट ढिला असण्याचा संशय घ्यायचा. भुकटी कोरडी नसून चिकट, तेलकट असेल तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, ऑइल सील गळतंय, आणि तेल लायनरवर गेलं की ब्रेक पकडत नाही. भुकटीत चमचमणारे कण दिसले तर लायनर संपून रिव्हेट ड्रमला खरवडू लागलेत. पळासनेरला जुलै २०२३ मध्ये काय झालं ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ब्रेक निकामी झालेला कंटेनर उतारावरून थेट हॉटेलात घुसला होता. त्या उतारावरून आमची गाडी नेहमी येते, त्यामुळे त्या स्प्रिंगचा विचार आला की माझा हात हिशेबावरून उठतो.

पण नाना, मुख्य आभार मानायचे आहेत ते याच्या पुढच्या गोष्टीचे.

ड्रम खोलल्यावर आमचा क्लीनर, शेजारच्यांचाच मुलगा, सवयीने कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आला. आत साचलेला भुगा हवा मारून उडवायचा, मिनिटभराचं काम. सगळीकडे असंच करतात. तुम्ही त्याच्या हातातून पाइप काढून घेतलात आणि म्हणालात, "हवा नको मारू रे पोऱ्या. हाऊ लायनरना भुगा से."

मी त्यानंतर याविषयी वाचलं. काही लायनरमध्ये अजूनही ॲस्बेस्टॉस नावाचं तंतूंचं खनिज असतं. ६० हून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे पूर्ण बंदी नाही. लायनर हातात घेऊन नुसतं बघून त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही ते कळत नाही, म्हणून प्रत्येक लायनरमध्ये आहे असंच धरून चालावं. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक की हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. आजार दिसायला २०-४० वर्षंही लागतात. म्हणजे आज सतरा-अठरा वर्षांच्या पोराने मारलेली हवा त्याला पन्नाशीत गाठणार, आणि तेव्हा त्याला शिरपूर रस्त्यावरची ती शेड आठवणारसुद्धा नाही. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. ॲस्बेस्टॉस नसलेल्या लायनरचा भुगा तरी कुठे पौष्टिक असतो!

तुम्ही साबणाचं पाणी हलक्या हाताने सोडून भुगा आधी पुरता भिजवलात, ओल्या चिंधीने पुसून काढलात, आणि चिंधीसकट तो चिखल ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलात, कारण वाळला की तो पुन्हा उडतो. जोराच्या फवाऱ्याने धुतलं तरी तो शिंतोड्यांबरोबर पसरतो, शिवाय पाणी हबच्या बेअरिंगमध्ये शिरतं. डिझेलने धुवायला तर तुम्ही साफ नाही म्हणालात, लायनरवर तेलाचा पापुद्रा राहतो म्हणून. आमच्याकडे अर्धे मिस्त्री डिझेलनेच धुतात.

गाडी थंड होईपर्यंत तुम्ही ह्यांना बसवून ठेवलंत, त्यावर हे जरा कुरकुरलेच. पण तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. आपल्या जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात तर हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. रिम चमकवायला ॲसिड मागितलं तेव्हाही तुम्ही दिलं नाहीत. चाकाच्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते कातडीतून आत उतरतं आणि आग होणं कधी कधी बऱ्याच तासांनी सुरू होतं. रंग जातो तो वेगळाच. साध्या शॅम्पूने आणि मऊ ब्रशने धुतलेली आमची रिम दसऱ्याला झेंडूच्या माळेखाली पुरेशी छान दिसत होती. हौशी पोरांच्या गाड्यांसारखी आरशागत नव्हती, पण केळीच्या गाडीला आरसा कशाला हवा?

निघताना हळू चालवत दोन-चारदा हलका ब्रेक दाबून लायनर सुकवून घ्यायला सांगितलंत, तेही ह्यांनी पाळलं.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं ते तुम्ही जाता जाता क्लीनरला बोललेलं. कामाचे कपडे घरी झटकू नको, आईच्या नाकात जाईल. हे त्याने त्याच्या आईला सांगितलं, तिने मला. आता दोन्ही घरी ते कपडे आधी वेगळ्या बादलीत बुडतात, मगच धुणं. गाडीच्या धंद्यातले धोके ड्रायव्हर-क्लीनरचे, असं आम्ही बायका धरून चालतो. तुम्हाला धुणं धुणारी आठवली, याचं मला खरंच नवल वाटलं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी भांडायचं आहे. स्प्रिंग तुमच्या घरची, मजुरी तुमची, आणि पैसे नाहीत, हे बरोबर नाही. या फेऱ्याला धुळ्याचा माल उतरवून गाडी रिकामी झाली की हे उलटे तुमच्याकडे येतील आणि तिथूनच चोपडामार्गे घरी परततील. पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रमही एकदा खोलून बघा, हवं तर लायनर बदला, ॲस्बेस्टॉस नसलेलं मिळालं तर तेच घाला, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. क्लीनरला सोबत पाठवते आहे, त्याला भिजवण्याचं काम स्वतः करू द्या. बिल माझ्या नावाने करा, आणि मागच्या स्प्रिंगसकट करा.

आपली,
सावद्याची एक गाडीवाली