मोहोळ साहेब, ब्लॅक बॉक्सचा पिंगर बंद पडायच्या आत आपलं जहाज निघालं पाहिजे

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

साहेब नमस्कार. मी सोलापूरचा, बोअरमध्ये अडकलेल्या मोटरी काढायचं काम करतो. होटगी रोडवरनं 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आता आमच्या घरातली पोरंपण विमानात बसायला लागली, म्हणून समुद्रात विमान पडलं तर त्याचा ब्लॅक बॉक्स वेळेत शोधायच्या तयारीबद्दल लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात मंद्रूपकडं साडेपाचशे फुटावर मोटर अडकलेली, दोर तुटलेला. आधी कॅमेरा सोडला, कुठं टेकलीय ते बघितलं, मग तीन पायाचं स्टँड लावून चेन पुलीनं ओढायला घेतलं, आणि चेन एकदम जड लागली तेव्हा तो शेतकरी मटकन खालीच बसला. ही साडेपाचशे फुटाची गत, तीपण सरळ भोकात. एअर फ्रान्सचं 447 नंबरचं विमान 1 जून 2009 ला अटलांटिकमध्ये पडलं, 228 माणसं गेली, तिथं पाणी 3900 मीटर म्हणजे पावणेतेरा हजार फूट.

ब्लॅक बॉक्सला एक पिंगर असतो, पाण्यात पडला की आपोआप सुरू होतो, सेकंदाला एक आवाज, आपल्या कानाला ऐकू न येणारा. जुन्याची बॅटरी 30 दिवस, नव्याची 90. पण तो ऐकू येतो साधारण दोन-तीन किलोमीटरवर, मग चार किलोमीटर खोल पाण्यात नुसतं वरनं कान लावून काय उपयोग, यंत्र खालीच सोडावं लागतं. फ्रान्सवाल्यांना अवशेष सापडायला 2011 चा एप्रिल उजाडला, मे महिन्यात रोबोटनं ब्लॅक बॉक्सचे दोन्ही रेकॉर्डर वर आणले, तेव्हा कुठं कळलं की वेग मोजायच्या नळीत बर्फ जमला होता आणि पायलटनं नाक वरच धरून ठेवलं होतं. डबा खालीच राहिला असता तर हे कुणाला कळणार होतं?

आपल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानाचे रेकॉर्डर 1985 मध्ये आयर्लंडजवळ दोन हजार मीटरवरनं अडीच-तीन आठवड्यात निघाले, पण ते काम फ्रेंच केबल जहाजानं आणि स्कॅरॅब रोबोटनं केलं. एअर फोर्सचं एएन-32 विमान जुलै 2016 ला बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं, आत 29 जण, आणि अवशेष दिसले जानेवारी 2024 ला, 3400 मीटरवर. शोधलं मात्र आपल्याच चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रानं, याचा मला लई अभिमान वाटतो. पण साडेसात वर्षं, साहेब. त्या घरांनी प्रत्येक फोनला दचकून कशी काढली असतील.

ते विमान तुमच्या खात्याचं नाही, एनआयओटीपण दुसऱ्या खात्याकडं, हे कळतं मला. तेच तर म्हणणं आहे. नेव्ही, एनआयओटी आणि तुमचं खातं यांनी अपघात व्हायच्या आधीच बसून ठरवावं, जहाज कुठलं, पिंगर ऐकायचं यंत्र कुठल्या बंदरात तयार राहील, पहिल्या आठवड्यात कोण निघणार. दरवर्षी एकदा खोल पाण्यात पिंगर टाकून तो शोधून काढायचा सरावपण करा, कारण आमच्याकडं हत्यार घरात असून उपयोग नसतो, हात बसलेला लागतो.

असं काही आधीच ठरलेलं असेल तर तेवढं लोकांना सांगा, नसेल तर कधी ठरवताय ते कळवा. उत्तराची वाट बघतो.

आपला,
सोलापूरचा एक मोटरवाला