घरसामानाची वाहतूक : सामान गाडीत चढण्यापूर्वीच कायदा दिसायला हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपल्या, सरकारी बदल्यांचे आदेश निघाले आणि अकरा महिन्यांचे भाडेकरार संपत आले की राज्यातील असंख्य कुटुंबे एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवतात. पूर्वी हे काम ओळखीचा ट्रकवाला, शेजारीपाजारी आणि दोन हमाल यांच्या मदतीने होत असे. आता बहुतेक जण ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणवणाऱ्या व्यावसायिकांकडे जातात, आणि नोकरीनिमित्त विखुरलेल्या कुटुंबांना दुसरा मार्गही उरलेला नाही. या व्यवसायात ग्राहकाची जी अडवणूक होते तिच्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे आहे, परंतु ज्या क्षणी त्याची गरज असते त्या क्षणी तो ग्राहकाजवळ नसतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अडचणीची सुरुवात दर विचारण्यापासूनच होते. इंटरनेटवर ‘नागपूर ते पुणे घरसामान’ असे शोधून एखाद्या संकेतस्थळावर आपला दूरध्वनी क्रमांक भरला, की काही मिनिटांतच निरनिराळ्या माणसांचे फोन सुरू होतात. यातील अनेकांकडे स्वतःचा ट्रक नसतो, गोदाम नसते आणि कामगारही नसतात. ते केवळ काम मिळवतात व पुढे दुसऱ्याला देतात. सांगितलेला दर जितका कमी तितके काम मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून घर न पाहता, कपाटे किती आणि पुस्तकांची खोकी किती हे न विचारता दर सांगितला जातो. काही जण तर एखाद्या नामांकित कंपनीच्या नावात एक शब्द पुढेमागे करून तेच नाव वापरतात, आणि आपण त्या मोठ्या कंपनीलाच काम दिले अशा समजुतीत ग्राहक आगाऊ रक्कम भरून मोकळा होतो.

मी बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ राहावे म्हणून नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले, तेव्हा हा सर्व प्रकार अनुभवला. चौतीस हजार रुपये भाडे ठरले होते आणि सामानाची किंमत तीन लाख धरून तिच्या तीन टक्के, म्हणजे नऊ हजार रुपये, विम्यासाठी वेगळे घेतले होते. सामान भरायला आलेली माणसे ज्यांच्याशी बोलणे झाले होते त्यांची नव्हती, आणि त्यांना विम्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. त्यांनी दिलेल्या बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, ‘घरगुती सामान, एकूण नग’ एवढाच उल्लेख होता. कोणत्या खोक्यात काय आहे याची यादी नव्हती. संपूर्ण ट्रक आमच्यासाठी असेल असे सांगितले असताना वाटेत त्यात आणखी कोणाचे तरी सामान चढवण्यात आले. गाडी पुण्याजवळ वाघोलीपर्यंत आल्यावर एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला, की सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले आहे, नाक्यावर कर भरावा लागला आहे, तेव्हा आणखी एकोणीस हजार रुपये पाठवा, म्हणजे गाडी पुढे निघेल. नाहीतर सामान गोदामात उतरवू आणि गोदामाचे भाडे रोजच्या रोज चढेल. माझी औषधे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि यजमानांचे प्राणवायूचे यंत्र त्या गाडीत होते. अशा वेळी माणूस हिशोब करत बसत नाही, पैसे पाठवतो. मीही पाठवले.

त्या फोनवर सांगितलेली कारणे मी नंतर तपासून पाहिली. मुंबईतील जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्याबरोबर बंद झाली आणि राज्यातील अन्य महापालिकांमध्ये ती त्याआधीच गेली होती, त्यामुळे महापालिकेच्या नाक्यावर घरसामानासाठी कर भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ई-वे बिलाचा, म्हणजे वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचा, धाकही अनेकांना दाखवला जातो. परंतु वापरलेले वैयक्तिक व घरगुती सामान त्या नियमांतून स्पष्टपणे वगळलेले आहे. नवीन, वेष्टनातील वस्तू घरसामानात मिसळल्या असतील तर गोष्ट वेगळी, पण रोजच्या वापरातील भांडी, अंथरुणे आणि कपाटे यांसाठी असे कोणतेही बिल लागत नाही. एवढी साधी माहिती ग्राहकाला आधी असती, तर फोनवरील अर्धी कारणे त्याच वेळी खोटी ठरली असती.

आता कायद्याविषयी. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी देशात 1865 चा कॅरियर्स ॲक्ट होता. त्याच्या जागी 2007 चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला आणि तो नियमांसह 2011 पासून अमलात आहे. या कायद्यातील ‘सार्वजनिक वाहतूकदार’ ही संज्ञा केवळ ट्रकमालकापुरती नाही. माल गोळा करणारा, साठवणारा, पुढे पाठवणारा, कंत्राटदार, एजंट, दलाल हे सर्व तिच्यात येतात, आणि परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याशिवाय यांपैकी कोणालाही हा व्यवसाय करता येत नाही. म्हणजे ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, तक्रार ट्रकवाल्याकडे करा’ हे जे उत्तर प्रत्येक ग्राहकाला मिळते, त्याला कायद्याचा आधार नाही. माल पाठवणाऱ्याने मालाचे स्वरूप व किंमत लिहून द्यायची आणि वाहतूकदाराने माल मिळाल्याची रीतसर पावती द्यायची, असे दोन कागद या कायद्याला अपेक्षित आहेत. घरसामानाच्या बाबतीत पहिला कागद बहुधा कोणी मागतच नाही, आणि दुसरा अपुरा भरला जातो.

या दोन कागदांवर पुढची सारी नुकसानभरपाई अवलंबून असते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. माल हरवला किंवा फुटला, तर वाहतूकदाराची जबाबदारी नियमानुसार भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत असते, मात्र ती मालाच्या लिहून दिलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. माझ्या बाबतीत चौतीस हजारांची दहापट तीन लाख चाळीस हजार होते, आणि सामानाची धरलेली किंमत तीन लाख होती. म्हणजे ती किंमत रीतसर कागदावर असती, तर वाहतूकदाराच्या ताब्यात असताना झालेल्या नुकसानीसाठी तीन लाखांपर्यंतची जबाबदारी कायद्याने आधीच त्याच्यावर होती. शिवाय वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझेही या कायद्याने ग्राहकावर टाकलेले नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती अशा मोजक्या कारणांनीच वाहतूकदाराची सुटका होते. मात्र दावा करायचा असेल तर माल नोंदवल्याच्या दिवसापासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते. फोनवर ‘बघतो, कळवतो’ ऐकण्यात ती निघून जाते.

मग विम्याच्या नावाखाली घेतलेली रक्कम कशासाठी असते? पुरात किंवा विजेसारख्या आपत्तीत सामान गेले तर वाहतूकदार सुटतो, आणि तेथे खरा विमा उपयोगी पडतो. परंतु खरा विमा म्हणजे विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, विमित रक्कम आणि आपल्या प्रवासाचा तपशील असलेले प्रमाणपत्र. मला असे काहीही मिळाले नाही. कपाटाचा आरसा आणि सासूबाईंच्या वेळच्या तांब्याच्या बंबाची तोटी तुटलेली पाहिल्यावर मी विम्याची चौकशी केली, तेव्हा ‘तो विमा फक्त संपूर्ण अपघातासाठी असतो’ असे सांगण्यात आले आणि पॉलिसीचा क्रमांक मागितल्यावर फोन घेणे बंद झाले. परिचितांना विचारले, तर जवळपास प्रत्येकाने हीच हकिगत सांगितली. विमा कंपनीचे प्रमाणपत्र हाती पडत नसेल, तर त्या रकमेला विमा म्हणता येत नाही, आणि ती बिलात विमा म्हणून दाखवणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

याच्याच जोडीला बिल्टीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते आणि तक्रार करणाऱ्याला त्याकडे बोट दाखवले जाते. असे छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एका निकालात स्पष्ट केले आहे. पण घरी बसलेल्या माणसाला ते ठाऊक नसते, आणि छापील कागदासमोर तो गप्प बसतो.

पोलिसांच्या भूमिकेविषयीही लिहिणे भाग आहे. ट्रक अडवून धरून पैसे मागितल्याची तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा’ असे सांगून परत पाठवले जाते. भाड्याविषयीचा वाद दिवाणी असू शकतो. परंतु विश्वासाने सोपवलेल्या मालाचा वाहतूकदाराने अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि धमकी देऊन पैसे उकळणे हाही गुन्हाच आहे. गाडी रस्त्यात उभी असताना पोलीस ठाण्यातून गेलेला एक फोन जे काम करेल, ते नंतरचा निकाल करू शकत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग चांगला आहे यात शंका नाही. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. तरी आजारी माणसाचे यंत्र ज्या गाडीत अडकले आहे, त्याला त्या दिवशी यातले काहीही उपयोगी पडत नाही.

या व्यवसायात प्रामाणिक माणसे नाहीत असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या मुलीने पुण्यातच घर बदलले तेव्हा ज्या छोट्या व्यावसायिकाला काम दिले, तो आधी स्वतः घरी येऊन प्रत्येक खोली पाहून गेला. लिफ्टमध्ये न मावणारा पलंग जिन्याने न्यावा लागेल आणि त्याची हमाली इतकी पडेल, हे त्याने त्याच वेळी लिहून दिले. खोक्यांवर क्रमांक घातले, यादीच्या दोन प्रती केल्या, आधीच असलेले ओरखडे त्यात नोंदवले आणि सामान उतरल्यावर यादीप्रमाणे मोजून सही घेतली. त्याचा दर इतरांपेक्षा जास्त होता, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही त्याने अधिक मागितला नाही. असा माणूस फोनवर खोटे दर सांगणाऱ्यांपुढे काम गमावतो, हेही या अव्यवस्थेचे नुकसानच आहे.

कामगारांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात ज्यांनी आमचे लोखंडी कपाट पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून उतरवले, त्यांनी काचेचे प्रत्येक भांडे वर्तमानपत्रात आणि जुन्या चादरीत मनापासून गुंडाळले होते. पुण्यात गाडी आली तेव्हा ट्रकचालकाने सांगितले, की त्यालाही ठरलेले पूर्ण भाडे मिळालेले नाही. काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्यावर रक्कम कापली जाते, आणि शेवटी खरे काम करणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. त्याची भरपाई मग ग्राहकाकडून करून घेतली जाते. राग काढायचा तो जिन्यात घाम गाळणाऱ्या माणसावर नव्हे, हे आपण ग्राहकांनीही लक्षात ठेवले पाहिजे.

अमेरिकेत राज्याराज्यांतून घरसामान नेणाऱ्या वाहतूकदाराला ग्राहकाच्या हक्कांची माहितीपुस्तिका आधीच द्यावी लागते, आणि दर केवळ अंदाजे दिलेला असेल तर सामान सोडवताना त्या अंदाजाच्या 110 टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. सामान ताब्यात असताना मागायच्या रकमेला मर्यादा घालणारा असा नियम आपल्याकडेही तातडीने हवा, असे मला वाटते. ग्राहकाची सर्व ताकद सामान घरात असेपर्यंतच असते. ते गाडीत चढले, की ती संपते.

म्हणून राज्याच्या परिवहन विभागाला माझी विनंती आहे, की नोंदणीकृत वाहतूकदारांची यादी शहरनिहाय, मराठीत आणि दूरध्वनीवर सहज शोधता येईल अशी प्रसिद्ध करावी. जाहिरात, कोटेशन आणि बिल्टी या तिन्हींवर नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे. आणि घरसामानासाठी वस्तूंच्या यादीसह एक ठरावीक नमुना असावा, ज्यात भाडे, हमाली, कर आणि विमा या रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतील. काम घेणाऱ्याने ते दुसऱ्याला दिले, तरी ग्राहकासमोर जबाबदार तोच राहील, हे त्या नमुन्यावर ठळक अक्षरांत असावे. पोलीस आयुक्तालयांनीही ठाण्यांना लेखी सूचना द्यावी, की सामान अडवून पैसे मागितल्याची तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवू नये. आणि गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर जेथे पाण्याच्या वेळा आणि सभेच्या सूचना लागतात, तेथे येत्या बदल्यांच्या हंगामापूर्वी हा नमुना आणि 1915 हा क्रमांक लावण्याचे आवाहन सहकार विभागाने करावे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक,
पुणे