वॉर्डातल्या झोपेचीही नोंद हवी

महोदय,

मनोरुग्णालयांतील सुविधांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. खाटा, जेवण, डॉक्टरांची संख्या या सगळ्याचा हिशेब त्यात आहे; झोपेचा मात्र नाही. स्किझोफ्रेनियात झोप बिघडणे अगदी सर्रास आढळते आणि पुष्कळदा आजार पुन्हा उफाळण्याआधीची ती पहिली खूण असते. घरची माणसे ती ओळखतात. वॉर्डात रात्रपाळीच्या फेरीत डोळे मिटलेले दिसले, की ‘शांत झोप’ लिहिले जाण्याची शक्यता अधिक. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांनी गुंगी येते, वजनही वाढते आणि त्यामुळे झोपेत श्वास अडकण्याचा धोका वाढतो. असा रुग्ण रात्रभर पडून राहूनही सकाळी थकलेलाच उठतो. वर दिवसा पेंगतो म्हणून आळशी ठरतो, ते वेगळेच!

झोपेचा दर्जा तपासणारी पिट्सबर्ग प्रश्नावली १९८९ पासून उपलब्ध आहे. तिचे गुण ० ते २१. ५ च्या वर गेले की झोप खराब. यंत्र लागत नाही, कागद-पेन पुरते. रुग्णाला दाखल करताना आणि पुढे दर महिन्याला ती त्याला विचारून भरावी.

राहिला बाहेरचा गोंगाट. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत मर्यादा ४० डेसिबल आहे. लग्नसराईत ती कोण पाळतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिला नंबर काढणाऱ्या शहराला रुग्णालयासमोरचा डीजे तरी बंद करता यावा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर