गच्चीवरची पवनचक्की

कोल्हापूर,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी आधी पवनचक्कीची चौकशी केली, मग माझी. आई मागून म्हणाली, "मोडलीस का एकदाची?" मोडली, पण परत जोडली. आता ऐका.

आपलं जुनं पिंप उभं चिरून एसच्या आकारात बसवलं होतं. ते एका ठरावीक कोनात थांबलं की वारा दोन्ही पात्यांना सारखाच रेटायचा आणि ओढाताण बरोबरीत सुटायची. मग बाबा गुडघा धरून जिना चढणार, काठीनं ढोसणार. आता तेच अर्धे मी मधोमध आडवे कापले आणि दोन मजले केले, खालचा वरच्याला काटकोनात. एक अडला तर दुसरा ओढतो. पाती मध्यावर चिकटवली नाहीत, 10 सेंटीमीटर एकमेकांवर सरकवली. त्या फटीतून वारा परत येणाऱ्या पात्याच्या पोकळीत शिरतो, त्याचा अडथळा कमी होतो. वर, मध्ये, खाली पत्र्याच्या चकत्या, म्हणजे वारा कडेनं निसटत नाही. अक्कल माझी नव्हे. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियसनं शंभरेक वर्षांपूर्वीच असली चक्की बनवली होती.

बाबा, तुम्ही म्हणता ती पातळ पात्यांची चक्की फ्रेंच इंजिनिअर दारियूसची, अमेरिकन पेटंट 1931 चं. वीज जास्त देते, पण मंद वाऱ्यात आपणहून सुरू होत नाही. म्हणजे पुन्हा तुमची काठी!

आईची झोपमोड करणारी खडखड बेअरिंगची आणि तोल नसण्याची होती. उद्यमनगरातल्या टर्नरनं पिंप बघून तोंड वाकडं केलं, "ताई, हे इंजिन न्हवं," तरी शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, ट्रू, अगदी सरळ करून दिला. 6205 नंबरची दोन बेअरिंग नवी घातली. मग शाफ्ट दोन अँगलच्या धारांवर आडवा ठेवला. जड बाजू दर वेळी खाली. हलक्या बाजूला वॉशर लावत गेले. तिसऱ्या वॉशरनंतर जिथं सोडेन तिथं गप्प राहिला. खरं सांगते, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शेजारच्या काकू विचारतात, फ्रीज चालेल का? कसला चालतोय! वारा सेकंदाला 4 मीटर असला तर एवढ्या मापावर त्यात 30 वॉटच्या आसपास ताकद, आपल्या हाती त्यातले पाचेक. वारा दुप्पट झाला की मात्र आठपट. म्हणून खांब टाकीच्या वर काढला. खाली त्यांच्या नव्या मजल्यानं वारा अडतो.

काल गगनबावड्याकडून ढग आले आणि संध्याकाळी चक्की कुणी हात न लावता फिरायला लागली. बॅटरीवर जिन्यातला दिवा रात्रभर होता. आई, तू इथं असतीस तर आधी विचारलं असतंस, वाळत घातलेले पापड काढले का. काढले.

बाबांची काठी दोडक्याच्या वेलाला दिली आहे. येताना नवी आणू नका.

तुमची,
सुमी