विषय: गच्चीवरील सौर संचाच्या विजेचा खरा दर आणि दक्षिणेकडील पत्र्याची शेड

मा. अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून याच विषयावरचे हे माझे चौथे पत्र. पहिल्या तिन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत मी बोलायला उभा राहिलो तेवढ्यात पोहे-जिलबी आली आणि विषय तिथेच मिटला.

सूचनाफलकावरील हिशोबात आपण 20 किलोवॅटच्या संचाची किंमत, सूर्यघर योजनेचे किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान वजा जाता, 10 लाख धरली आहे. वर्षाला 28,000 युनिट, आयुष्य 25 वर्षे, म्हणून वीज युनिटमागे 1 रुपया 43 पैशांना पडते असे लिहून त्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत. भागाकार बरोबर आहे, हिशोब चुकला आहे. पॅनेलची क्षमता दरवर्षी थोडी घटते, इन्व्हर्टर बाराएक वर्षांनी बदलावा लागतो, माळव्याच्या उन्हाळी धुळीत पॅनेल धुवावी लागतात, आणि विसाव्या वर्षी मिळणाऱ्या युनिटाला आजच्या युनिटाचे मोल देता येत नाही, हे मुदतठेव ठेवणाऱ्या कोणालाही कळते. घट 0.6 टक्के, इन्व्हर्टर 1 लाख 20 हजार, देखभाल वर्षाला 15,000 आणि व्याज 8 टक्के धरून मी खर्च व युनिट दोन्ही आजच्या मोलात आणले, तेव्हा दर 4 रुपये 24 पैसे आला. आपल्याच राज्यातील रीवाच्या 750 मेगावॅट सौर प्रकल्पाच्या 2017 मधील लिलावातही पहिल्या वर्षाचा दर 2.97 रुपये आणि संपूर्ण मुदतीचा सरासरी दर 3.30 रुपये होता. तिथे दोन्ही आकडे उघड होते, आपल्या फलकावर एकच आहे.

मी सौर संचाच्या विरोधात नाही. सामाईक मीटरच्या बिलापेक्षा ही वीज तरीही स्वस्तच पडेल. प्रश्न शेडचा आहे. 22 डिसेंबरला मी स्वतः टेप घेऊन गच्चीवर गेलो. आठ फूट उंच शेडची सावली भर दुपारीही सव्वाआठ फूट लांब, म्हणजे नियोजित पॅनेलच्या पहिल्या रांगेवर पडत होती, आणि एका पॅनेलवरच्या सावलीचा फटका एकापुढे एक जोडलेल्या त्याच माळेतील इतर पॅनेलनाही बसतो. वर्षभरात 15 टक्के युनिट जरी बुडाले, तरी दर जवळजवळ पाच रुपयांपर्यंत जातो.

नियमावलीनुसार गच्ची सामाईक आहे. (माझ्या कुंड्या कठड्यालगत असून त्यांची सावली कोणावरही पडत नाही.) दुसऱ्या मजल्यावरील सर्वांचे मत हेच आहे, त्यांना वाईटपणा नको म्हणून सह्या घेतल्या नाहीत.

तरी माझा हिशोब फलकावर आपल्या हिशोबाशेजारी लावावा, आणि येत्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता शेडच्या मालकांना गच्चीवर बोलवावे. तोपर्यंत मी सावलीच्या खुणेसाठी आखलेल्या खडूच्या रेघा, मागील वेळेप्रमाणे, टाकी धुणाऱ्यांकरवी पुसल्या जाऊ नयेत.

आपला,
सदनिका 304 चा सभासद, इंदूर