ताई, त्या सात ओळींच्या मेलबद्दल

ताई, हे खरं तर फोनवर बोलायला हवं होतं पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, लगेच 'चॅप्टर कुठवर आलं' वर येता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहून टाकतो.

अकरा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली मी. रात्री एजन्सीच्या बातम्या निवडा, कापा, मथळे द्या, पान सोडा, आणि ऐनवेळी जाहिरात आली की लावलेली बातमी उचलून बाहेर. का उचलली हे कुणी विचारत नाही, 'जागा नव्हती' एवढं पुरतं. पीएचडीचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी प्रपोजल म्हणून जे लिहिलं तो चक्क अग्रलेख होता, माध्यमांची विश्वासार्हता, लोकशाहीचा चौथा खांब, सगळं आलं त्यात. तीन ठिकाणी पाठवलं. दोन नकार, एकाचं उत्तरच नाही. मग तुम्हाला मेल टाकला, ओळख ना पाळख, तुम्हीही आधी पेपरात होता एवढंच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सात ओळी आल्या. पहिलीच, 'उत्तर आधीच माहीत असेल तर एवढी वर्षं कशाला घालवताय?' राग आला होता, खोटं कशाला बोलू. आणि शेवटची, 'काल रात्री कुठली बातमी टाकून दिलीत आणि का?'

मला सांगताच येईना.

मग तुम्ही डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकन माध्यम-अभ्यासकाचा १९५० चा शोधनिबंध वाचायला लावलात. त्याने १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एका वायर एडिटरला, म्हणजे माझ्यासारखंच एजन्सीच्या बातम्या निवडणाऱ्याला, आठवडाभर नाकारलेल्या सगळ्या बातम्या जपून ठेवायला सांगितल्या आणि प्रत्येकीवर कारण लिहायला लावलं. दहातल्या नऊ बातम्या बाद, कारणं कधी 'जागा नाही', कधी सरळसरळ त्याचं स्वतःचं मत. व्हाइटने त्याचं नाव ठेवलं मिस्टर गेट्स, बातम्यांच्या गेटवरचा राखणदार म्हणून. (१९६६ ला पॉल स्नायडर त्याच माणसाकडे परत गेला आणि सगळं पुन्हा करून घेतलं, हे वाचून मला फार मजा वाटली.)

मीही आठवडाभर वही ठेवली. चौथ्या रात्री एका बातमीपुढे 'जागा नाही' लिहिलं आणि पान बघतो तर वरचा फोटो मीच तीन कॉलमचा चार कॉलम केला होता! नवं प्रपोजल तिथून सुरू झालं, आणि तेच लागलं.

नंतरचं किती सांगू. सुपरवायझरला पाठवायचा मेल तुम्ही दीड पानावरून आठ ओळींवर आणलात, इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस घेतलीत, लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे कात्रणांची फाइल नव्हे हे तर तीनदा सांगितलंत. एथिक्सच्या फॉर्मने मात्र मी रडकुंडीला आलो होतो. ज्यांच्यासोबत रात्र रात्र पानं लावली त्यांच्याकडेच मुलाखतीसाठी संमतीपत्रावर सही मागायची, मला लाजच वाटत होती. तुम्ही म्हणालात, 'अरे, सोर्सचं नाव जपायचास ना? तेच आहे हे, फक्त आता कागदावर.' डेस्कवरचा जुना मुख्य उपसंपादक फॉर्म वाचून हसला, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि मग सही केली.

तिसरं चॅप्टर अजून अडलंय. त्याचा वेगळा मेल करतो, आभारात घुसवत नाही.